पहिल्या रिंगला उचललेला फोन

नोकरीत खून-दरोडे बरेच हाताळले, पण अजून मनात घर करून बसली आहे ती एका वेबपेजची केस.

तेव्हा मी मध्य मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. नायगावच्या पोलीस लाइनीत राहणारे आमचे एक हवालदार सकाळच्या हजेरीनंतर मुलीला घेऊन पेढे वाटायला आले. तिला विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. परळच्या एका कॉलेजात तिने आधी जागा घेऊन ठेवली होती. ती रद्द करायला बापलेक तिथूनच निघाले होते.

सवयीने मी विचारलं, "प्रवेशाचं पत्र कुठंय?"

"काका, सगळं ऑनलाइन झालं," म्हणत तिने मोबाइल पुढे केला.

पान बघून मी खूश झालो. अभ्यासक्रम कोणते, पात्रता काय, फी किती, शेवटची तारीख कोणती, अडलं तर कोणाला विचारायचं, सगळं एका नजरेत. विद्यापीठाचं नेहमीचं पान मला ठाऊक होतं. वर सरकणारी शुभेच्छांची पट्टी, मध्ये सत्काराचे फोटो, खाली निविदा, आणि प्रवेशाची माहिती शोधायला श्वानपथक बोलवावं अशी अवस्था.

"त्या साइटवर मेरिट लिस्ट सापडतच नव्हती," ती म्हणाली. "मग ही नवीन मिळाली. हिच्यावर परीक्षेचा नंबर टाकला, फी भरली, लगेच सीट कन्फर्म."

पानावरचा नंबर मी फिरवला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला आणि पलीकडून गोड आवाज आला, "बोला सर, कशी मदत करू?" माझ्या मनात पाल चुकचुकली. सरकारी नोकरीत केस पांढरे झालेल्या माणसाला एवढं पुरतं. "परळची जागा सोडू नका," मी हवालदारांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मुलगी रडवेली झाली. खऱ्या यादीत तिचं नाव असलंच, तरी मुदत संपत आली होती आणि यादीचाच पत्ता नव्हता.

पान बनावट असल्याची खात्री करून फिर्याद नोंदवली. ते पान ज्याच्या नावाने नोंदलं होतं, त्याचा माग सायबर कक्षाने काढला. ठाकूरद्वारच्या एका वाडीत राहणारा तिशीतला वेब डिझायनर. दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर बसला.

"साहेब, हे पेज मी बघितलेलं पण नाही. नाव माझं वापरलंय कोणीतरी. मी केटररवाल्यांच्या साइट बनवतो."

बराच वेळ एकच पालुपद. माझा अनुभव असा, की कारागिराला शिवी लागत नाही; त्याच्या कामाला नावं ठेवली की झोंबतं. मी शेजारच्या उपनिरीक्षकाकडे वळून म्हणालो, "कुणा शिकाऊ पोराचं काम दिसतंय. हॉस्टेलचं कुठे नावच नाही."

"आहे ना साहेब," तो उसळला. "फीच्या खालीच. फी बघितली की आईबाप तेच शोधतात, म्हणून तिथे टाकलंय."

मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. त्याने हळूच चहा मागितला.

चहाबरोबर सगळं बाहेर आलं. त्याच्याकडून पान बनवून घेऊन फी उकळणारे दोघे त्याच दिवशी ताब्यात आले. जबाब संपल्यावर मी त्याला त्या मुलीची अडचण सांगितली. त्याने विद्यापीठाची खरी साइट उघडली, परिपत्रकांत शिरला, तिथून 'इतर' मध्ये, आणि तळाशी पडलेली यादी काढून दाखवली.

"अशी ठेवतात का कोण?" तो वैतागून म्हणाला. "लोक आमच्याकडे येणारच ना."

यादीत मुलीचं नाव होतं. मुदतीचा एकच दिवस उरला होता. हवालदारांना मी तिथल्या तिथे रजा दिली. प्रवेश झाला, आणि आज ती एका प्रयोगशाळेत संशोधन करते. मला याचा अजून आनंद वाटतो.

फसलेल्या माणसाला आपण पटकन लोभी ठरवतो. त्या मुलीला फक्त सरळ उत्तर हवं होतं, आणि ते चोराने आधी दिलं. आमच्या ठाण्याच्या दारातही मान्यवरांच्या फोटोंचा मोठा फलक होता. तो उतरवून मी नवा लावला: तक्रार कुठे द्यायची, सोबत काय आणायचं, घेतली नाही तर कोणाला भेटायचं.

काही दिवसांनी ठाणे अंमलदार कुरकुरला, "साहेब, तक्रारी लई वाढल्यात."

"वाढू देत," मी म्हणालो. "इतके दिवस ही माणसं कोणाकडे जात होती?"