रिकामी होईल, रिकामी राहील

धारच्या शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता माझा अर्धा जीव दोन शब्दांनी खाल्ला आहे, बाय आणि टिल. आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द, पर्यंत. हिंदीतही एकच, तक. त्यामुळे पोरं बिनधास्त लिहितात, ‘आय विल कम टिल फाइव्ह.’ अरे बाबांनो, पाच वाजेपर्यंत नुसते येतच राहणार का? मी चिडते, पोरं हसतात, पुढच्या चाचणीत पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी. मराठीत हे काम क्रियापद करतं. काम पाचपर्यंत होईल, तिथे बाय. काम पाचपर्यंत चालू राहील, तिथे टिल. इंग्रजीत सगळा भार त्या एवढ्याशा शब्दावर. वर्गात निदान कानावर तरी पडतं, घरात ऐकतंय कोण?

घरात म्हणजे आमचे हे. पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात शिफ्ट इंजिनियर. शेजारचे भावजीही तिथेच, मेंटेनन्सला. दोघंही हिंदी शाळेत शिकलेले. आधी शिफ्टचा निरोप ग्रुपवर हिंदीत जायचा. मग चेन्नईहून नवे मॅनेजर आले, त्यांना हिंदी येत नाही, म्हणून हुकूम निघाला की निरोप इंग्रजीतच हवा. आमचे हे परतीच्या बसमध्ये बसून लिहिणार, ग्रुपवर पाठवणार, आणि मग तोच निरोप मला पाठवणार, ‘बघ गं, बरोबर आहे का.’ वरातीमागून घोडं!

थंडीतला रविवार होता. रात्रपाळी करून आलेले हे पोहे खाऊन झोपले होते. शेजारीण बटल्यांची, म्हणजे मटारच्या शेंगांची, टोपली घेऊन आली, कचोरीचा बेत होता. आम्ही दोघी मागच्या ओट्यावर सोलत बसलो. ती कुरकुरत होती, रविवार असूनही भावजींना बोलावलं म्हणून. ॲसिडच्या लाईनीचा कुठला तरी व्हॉल्व बदलायचा होता. मी हं हं करत सहज फोन उघडला. ह्यांचा निरोप आलेला होता: ‘ॲसिड लाईन विल बी एम्प्टी टिल इव्हनिंग.’

आधी सवयीने चीड आली. मग हातातली शेंग तशीच राहिली. ह्यांना म्हणायचं होतं, लाईन संध्याकाळपर्यंत रिकामी होईल, तोवर हात लावू नका. लिहिलं होतं, संध्याकाळपर्यंत रिकामी राहील, म्हणजे आत्ता रिकामीच आहे, उरकून घ्या. ज्याला चांगलं इंग्रजी येतं तो दुसरं काय समजणार? आणि पाइपचे बोल्ट सैल करायला भावजी तिथे उभे. त्यांचं तोंड पाइपच्या समोर.

आत जाऊन ह्यांना गदागदा हलवलं. अर्धवट झोपेत हे माझ्याशीच वाद घालायला लागले, टिल म्हणजे पर्यंतच ना, मग चुकलं काय. इतका संताप आला मला! पण ओरडता येत नव्हतं, ओट्यावर ती बसलेली. मी ह्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, “होईल नाही लिहिलंत तुम्ही. राहील लिहिलंय.”

हे ताडकन उठून बसले. फोन लावायला घेतला. मॅनेजरांचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. भावजींचा बंद, कारण आत जाताना कामगारांचे फोन गेटवर जमा होतात. शेवटी गेटचा फोन लागला. ह्यांनी चौकीदाराला सांगितलं, भिया, दौड के जा, लाईन खोलने मत देना. तो धावला असावा, फोन तसाच सोडून. पलीकडून नुसता ट्रकचा आवाज येत होता.

मी ओट्यावर परत गेले. जाऊन करणार काय होते? तिला सांगावं तर तिच्या हातात काय होतं, आणि न सांगावं तर तिच्याकडे बघवत नव्हतं. ती मसाल्यात बडीशेप किती घालायची ते विचारत होती. मी काहीतरी उत्तर दिलं. आतून ह्यांचं हॅलो, हॅलो ऐकू येत होतं. देवा, हिचं कुंकू एका शब्दावर टांगलंय, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. माझ्या हातून दाणे खाली सांडले आणि सालं टोपलीत गेली. ती म्हणाली, “ताई, बरं नाही का तुम्हाला?”

तेवढ्यात ह्यांनी आतून मला हाक मारली. गेटवरून भावजी स्वतः बोलत होते. मी भिंतीला टेकले आणि रडले, अगदी आवाज न करता.

काय घडलं ते नंतर नीट कळलं. मॅनेजरांनी निरोप वाचला आणि सांगितलं, लाईन रिकामी आहे, खोला. पाने बोल्टना लागले होते. ह्यांच्या शिफ्टला सकाळपर्यंत लाईन चालू असते हे भावजींना माहीत, एवढ्यात लाईन कशी रिकामी होईल म्हणून त्यांनी निरोप मागून घेतला आणि स्वतः वाचला. वाचून म्हणाले, इथे तर संध्याकाळपर्यंत होईल असं लिहिलंय. मॅनेजर म्हणाले, अर्थ बरोबर उलटा आहे. भावजी हटले नाहीत. खालची बारीक तोटी जराशी उघडून पाहिली तर ॲसिडची धार लागली. चौकीदार पोचला तेव्हा सगळे त्या धारेकडे बघत उभे होते.

मॅनेजरांचं इंग्रजी बरोबर होतं, हे मला कबूल करावंच लागतं. आमच्या ह्यांनी चुकीचं लिहिलं, भावजींनी चुकीचंच वाचलं, म्हणून ते वाचले.

संध्याकाळी भावजी बसमधून उतरून थेट आमच्याकडे आले. बायकोलाही हाक मारली आणि तिच्यासमोर सगळं सांगितलं, गंमत सांगावी तसं. हे मान खाली घालून बसले होते. मी म्हटलं, उद्यापासून ह्यांना समोर बसवून हे दोन शब्द घोटून घेते, बघाच तुम्ही.

भावजींनी एकदम हात जोडले. “वहिनी, शिकवाल तर दोघांना एकदम शिकवा. एकट्या ह्यांचं सुधारलंत तर मी मेलोच.”

ते हसले. त्यांची बायको हसली नाही. ती आत गेली, एक खुर्ची आणली, माझ्या टेबलाशी ह्यांच्या खुर्चीला लागून ठेवली आणि भावजींना म्हणाली, “बसा. उद्या कशाला? आत्ताच.”