आखूड दांड्याची मोटर

अमरावतीच्या दुकानदाराने शेषराव भोयाच्या डोंग्यासाठी दोन मोटरी काढल्या. "धरणात लांब दांड्याचीच घ्या, काका. पाणी चांगलं धरते."

शेषरावाने एकच विचारलं, "पंखा कोनाचा कमी खाली जाते?"

"या आखूडवालीचा."

"मंग थेच द्या."

दुकानदार हसला. त्याला काय ठाऊक! त्या धरणाच्या पोटात शेषरावाचं जुनं गाव आहे. गाव उठलं तेव्हा लोकांनी देव नेले, चौकटी उपसून नेल्या. पण तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. शेषरावाची तान्ही लेक शालू परसातल्या निंबाखाली राहिली, आणि वर पाणी चढलं. उन्हाळ्यात तिथे कमरेइतकंच पाणी उरतं.

मे महिन्यात नवी मोटर लावून नवराबायको जाळं टाकायला निघाले. निंबाचा काळा खुंट दिसला तशी शेषरावाने मोटर बंद केली, पंखा वर घेतला आणि वल्हं उचललं.

"आता काहून बंद केली?" वच्छला चिडली. "आखूड घेतली ना? लागत नाही थे खाली."

"लागत नाही वं," तो पुटपुटला. "पन आवाजानं उठन ना."

वच्छलाने दुसरं वल्हं घेतलं, आणि वाजू नयेत म्हणून हातातल्या बांगड्या वर कोपराकडे सारल्या.