गेला का वास?

"बघा राव, गेला का वास?" जेवणाआधी साबणानं हात धुऊन तो दहाही बोटं माझ्या नाकाशी आणायचा. वास गेलेला नसायचा. मी "गेला" म्हणायचो आणि डबा उघडायचो.

पिंपरीतला औषधांचा कारखाना तेव्हा नवाकोरा होता, भोवती नुसत्या बाभळी. आम्ही दोघंही तिथल्या प्रयोगशाळेत. बाकीचे औषधं तपासायचे, याला वेड स्पर्मिन नावाच्या एका उग्र वासाच्या रसायनाचं. बकऱ्याच्या स्वादुपिंडातून तो ते काढू बघत होता. घरात कांदासुद्धा वर्ज्य, आणि हा गडी सकाळी खाटकाकडून डबा भरून आणायचा!

"अहो, तुमच्यात आहे, माझ्यात आहे, त्या बाभळीतही आहे. जिथं जीव तिथं हे. पण करतं काय, ते कुणाला धड ठाऊक नाही!" हे सांगताना तो जेवणाचा डबा विसरायचा.

वासापायी लोकांनी त्याला जेवायला जिन्यात बसवलं. मी सोबतीला जायचो. साहेबांनी तर बजावलंच होतं, "दिवाळीपर्यंत स्फटिक दाखवा, नाहीतर टेबल सोडा."

नवरात्रात त्याच्या एका चंबूच्या तळाशी स्फटिकांच्या बारीक सुया दिसू लागल्या. "हलवू नका हं, वाढतायत," तो कुजबुजला. बाळंतिणीच्या खोलीत बोलावं तसा.

खंडेनवमीला आमची पुण्याची गाडी उशिरा पोचली. प्रयोगशाळेत उदबत्तीचा घमघमाट. तराजूला झेंडूची माळ, सूक्ष्मदर्शकाला कुंकू. त्याचं टेबल लख्ख धुतलेलं, आणि सगळे चंबू रिकामे, पालथे, प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट.

"पूजेच्या जागी कुजकं मांस ठेवतात का?" साहेब म्हणाले. "मीच ओतायला लावलं. या, प्रसाद घ्या."

त्यानं हात पुढे केला. "धुतलेत मी," एवढंच म्हणाला.

हत्यारांची पूजा आणि त्यांनी केलेलं काम मोरीत! ते ताम्हण साहेबांच्या टाळक्यात घालावंसं वाटलं मला. आजही वाटतं.

दिवाळीनंतर त्याचं टेबल गेलं. त्यानं विम्याच्या कचेरीत नोकरी धरली. पुढे एकदा पिंपरी स्टेशनवर भेटला, इस्त्रीच्या सदऱ्यात. बायकोचं, हवापाण्याचं बोलून झालं. गाडी आली तशी जुन्या सवयीनं त्यानं बोटं पुढे केली.

"बघा राव."

नुसता साबणाचा वास. "गेला," मी म्हणालो. पहिल्यांदाच खरं बोललो.

त्यानं बोटं स्वतःच्या नाकाशी नेली, बराच वेळ तशीच धरली.

"हो ना," म्हणाला, आणि डब्यात चढला.