मे महिन्यातला स्वेटर

मानसी मुलुंडहून आली ती दोन फुगलेल्या पिशव्या घेऊनच. चारकोपच्या त्या वन रूम किचनमध्ये पंखा गरगरत होता आणि त्याची हवासुद्धा गरम लागत होती. अशा उकाड्यात तिने बापाच्या कॉटवर लोकरीचे मोजे, कानटोपी, आतून घालायचे गरम कपडे असा सगळा बाजार मांडला. सीताराम तावडे भिंतीला टेकून बघत राहिले. बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हाताऱ्याची चंगळ आहे, पोरगी जपानला नेतेय. सीतारामांचा चेहरा मात्र फाशीची तारीख ऐकल्यासारखा झाला होता.

बेत पक्का होता. जपानच्या अगदी उत्तरेला, होक्काइडोला, मे महिन्याच्या मध्यावर. आपल्याकडे अंगाची लाही होत असते तेव्हा तिकडे वसंत जेमतेम पोचलेला असतो. डोंगरमाथ्यावर बर्फ, पायथ्याशी गुलाबी फुलं. टूर मराठी माणसांची, दोघांचाही व्हिसा झालेला. मानसी फोनवर एकेक ठिकाण दाखवत होती आणि प्रत्येक ठिकाणापाशी एकच म्हणत होती, आईला हे आवडलं असतं. शेवटी ती उठली आणि ट्रंकेच्या तळातून तिने आईचा, चंपाचा, जांभळा स्वेटर काढला. हाही न्यायचा, म्हणाली. पाणी प्यायच्या निमित्ताने सीतारामांनी तोंड फिरवलं.

हा स्वेटर ट्रंकेत कसा गेला, ते आधी सांगायला हवं.

सीतारामांचे वडील गिरणीत होते. सीतारामांनी उमेदीची सगळी वर्षं वर्सोव्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात काढली. मच्छीमारांच्या बोटींना लागणाऱ्या लाद्या तिथे तयार व्हायच्या. त्या ओढून ओढून बोटं सुन्न पडायची, आणि गुडघे धरले ते कायमचे. थंडी म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. चंपाचं आयुष्य मात्र शेगडीपुढे गेलं. शेजारपाजारच्या सगळ्या बिल्डिंगींना मालवणी मसाला तीच करून द्यायची, आणि मसाल्याचा हंगाम म्हणजे ऐन उन्हाळा. बाहेर ऊन, आत कढईत मिरच्या, डोळे लाल, पदर घामाने चिंब. नवरा गारठून घरी यायचा आणि बायको उकडून निघालेली असायची. देवाने दोघांत वाटणी केली होती खरी, पण काही धड केली नव्हती.

महिला मंडळातल्या नीलमताईंनी एकदा चंपाला त्यांच्या फोनवर जपानचा एक व्हिडिओ दाखवला. मे महिना, आणि बायका स्वेटर घालून फुलांतून फिरतायत. चंपा आधी पोट धरून हसली, मग तिने तोच व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. जेवायला वाढताना म्हणाली, "अहो, मला एक मे महिना स्वेटर घालून काढायचाय."

त्याआधी तिने कधी काही मागितल्याचं सीतारामांना आठवत नव्हतं. आता तिला दुसरा विषय सुचेना. तिकडची फुलं दक्षिणेकडून निघतात आणि प्रत्येक थांब्यावर थांबणाऱ्या बससारखी सगळ्यात शेवटी उत्तरेला पोचतात, हे ती येईल त्याला ऐकवायची. मसाल्याच्या स्वतःच्या कमाईतून मंडळाच्या बायकांबरोबर जायचं तिने ठरवलं आणि भर मार्चात बोरिवलीच्या बाजारात जाऊन स्वेटर आणला. दुकानदाराला तो माळ्यावरून शोधून काढावा लागला.

सीतारामांच्या पोटात दुखायला लागलं. आपल्याला मागे टाकून ही विमानात बसणार, सकाळचा चहा कोण देणार, आणि थंडीत बघण्यासारखं असतं तरी काय? पण तोंडावर नको म्हणायची सोय नव्हती. पैसे तिचे, हौस तिची. मग त्यांनी कोकणातल्या माणसाचा नेहमीचा मार्ग धरला. गावच्या रवळनाथाला कौल लावू म्हणाले. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पाकळी पडली तर देवाची परवानगी, डावीकडची पडली तर नकार. तावड्यांकडे लग्न असो, घर असो, देवाला विचारल्याशिवाय पान हलत नसे. चंपाही लगेच हो म्हणाली.

गावाकडे सीतारामांचा चुलतभाऊ नंदकिशोर देवळात जाऊन आला आणि त्याने फोन केला. देवाने उजवा दिला होता. सीतारामांनी फोन ठेवला, किचनच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "डावा पडला."

चंपाने हातातला झारा खाली ठेवला. रडली नाही, वाद घातला नाही. देव नको म्हणतो म्हणजे काहीतरी असेल, एवढंच म्हणाली. स्वेटर डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत गेला. मंडळाच्या बायका जाऊन आल्या तेव्हा तिने घरोघर जाऊन त्यांचे फोटो पाहिले, आणि कुठल्या फोटोत काय आहे ते उलट त्यांनाच समजावून सांगितलं. सीतारामांना तेव्हा मनापासून वाईट वाटलं. पुढच्या मे महिन्यात पाठवू, असं त्यांनी स्वतःशी ठरवूनही टाकलं.

पुढचा मे चंपाला दिसला नाही. दिवाळीनंतर तिच्या किडन्या निकामी झाल्या आणि शिमग्याच्या आधी ती गेली. त्यातलं सगळ्यात वाईट हे, की हॉस्पिटलच्या खाटेवर पडून ती देवाचे उपकार मानत होती. "बघा, त्याला सगळं ठाऊक होतं," ती म्हणाली. "तिकडे परमुलखात काही झालं असतं तर तुमचे किती हाल झाले असते." सीताराम तिच्या पायाशी बसले होते. तेव्हा खरं सांगता आलं असतं. ते तिचे पाय चेपत राहिले.

मानसीचं नेमकं उलटं. तेराव्याला तिने देव्हाऱ्यातला रवळनाथाचा फोटो भिंतीकडे वळवून ठेवला. ज्याने माझ्या आईची एवढीशी हौस अडवली त्याचं तोंड मला बघायचं नाही, म्हणाली. जमलेल्या माम्या-मावश्या हबकल्या. सीतारामांनी तिला अडवलं नाही आणि नंतर फोटो सरळही केला नाही. लोकांना वाटलं, बाप लेकीचं मन जपतोय. खरं म्हणजे पाठमोरा देव त्यांच्या सोयीचा होता.

आणि आता हा जपानचा बेत. आईची राहिलेली हौस बापाला नेऊन पुरी करायची, हे मानसीने मनावर घेतलं होतं. सीतारामांनी गुडघ्यांचं कारण काढलं, तिने गुडघ्यांचे गरम पट्टे आणले. तिकडचं जेवण मानवायचं नाही म्हणाले, तर टूरबरोबर आपला स्वयंपाकी होता. सगळ्या वाटा बंद झाल्यावर ते सवयीने पुटपुटले, देवाला विचारायला हवं.

मानसीचा चेहरा कडक झाला. विचारा, ती म्हणाली, पण या वेळी काय सांगतो ते मी माझ्या कानांनी ऐकणार. आणि डावा आला तरी आपण जाणार, त्यालाही कळू दे.

सीतारामांनी गावी निरोप धाडला, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्या पाठमोऱ्या फोटोपुढे हात जोडून डावा मागितला. देव नको म्हणाला तर त्या आधारावर हट्ट धरता आला असता. लेकीने तो स्वेटर हातात घेऊन त्या फुलांत उभं राहायचं, आईचं नाव काढायचं आणि आपण शेजारी मान डोलवायची, हे त्यांच्याने होणार नव्हतं. मागचा कौल नंदकिशोरला माहीत आहे, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नाही. इतक्या वेळा तेच खोटं सांगून झालं होतं, की डावा पडल्याचं आता त्यांनाच आठवत होतं.

रविवारी मानसी पुन्हा आली. फोन वाजला तसा तिने स्पीकर लावला.

"उजवो दिल्यान," नंदकिशोर खुशीत होता. "वैनीच्या वक्ताक दिल्लो ना, तसोच. झटक्यात."

कोणाच्या वेळी, काका? मानसीने विचारलं.

"गो, तुझ्या आवशीच्या. तेव्हा पण देवान उजवोच दिल्लो. तुझ्या बापाशीक मीच सांगलंय. मगे वैनी गेली कशी नाय, ता काय माका समाजला नाय."

मानसीने काकांच्या तब्येतीची चौकशी केली, नीट निरोप घेतला आणि फोन ठेवला. मग बापाकडे पाहिलं. ती ओरडली असती, अंगावर धावून आली असती, तर सीतारामांना सोपं गेलं असतं. मला वाटलं होतं, पुढच्या वर्षी, असं ते म्हणायला लागले आणि वाक्य तिथेच राहिलं.

मानसी उठून देव्हाऱ्यापाशी गेली. रवळनाथाचा फोटो तिने सरळ केला, ओढणीने काचेवरची धूळ पुसली, समईत तेल घालून वात लावली आणि जमिनीला डोकं टेकून बराच वेळ तशीच राहिली. ती देवाची माफी मागत होती. ज्याने मागायची तो कॉटवर बसून होता.

मग तिने चपला घातल्या.

"तुम्ही जा, बाबा," दारातून ती म्हणाली. "देवाने परवानगी दिलीय. मी येणार नाही. आईचा स्वेटर तेवढा घेऊन जा."

जिन्यावरून तिची पावलं उतरत गेली. कॉटवर स्वेटर पसरलेला होता, डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला होता. समोरून रवळनाथ त्यांच्याकडे बघत होता. फोटो परत वळवायची त्यांची हिंमत नव्हती, म्हणून तेच भिंतीकडे तोंड करून बसले.