नावं घेता घेता

"आरं बोल की! माईक काय चाटायला दिलाय व्हय तुला?"

भैरोबाच्या यात्रेतल्या हगाम्याचे, म्हणजे कुस्त्यांच्या फडाचे, वस्ताद आखाड्याच्या मधोमध उभे राहून माझ्यावर ओरडत होते. लाल मातीत दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून झुलत होते. जामखेडकडची सगळी दुनिया त्या माळावर लोटली होती. आणि कुस्त्यांचा निवेदक म्हणून ज्याला सोनईहून मानानं बोलावलं होतं, तो मी तोंड उघडं टाकून गप्प उभा होतो.

मी आणि गप्प! आमच्याकडं हे अजून कुणाला पटत नाही. सोनईत मी नुसता खाकरलो तरी घोडेगावच्या बाजारात म्हशी दूध आखडतात आणि भिंगारच्या छावणीत जवान सावधान उभे राहतात. यात मीठमसाला थोडा असेल, पण आवाज खरा. देवानं दुसरं काही देताना हात आखडला असेल, आवाज देताना मात्र पोतंच उलटं केलं.

पण ते वर्ष वाईट होतं. कुणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं, तरी सकाळी अंथरुणातून उठायचं म्हणजे भरली बैलगाडी एकट्यानं घाटात ओढायची. त्यात नजरेला खोड लागलेली. बायकोनं चंद्रासारखी भाकरी वाढावी, तर मला तिच्यावरचा करपलेला ठिपका दिसे. अख्ख्या मैदानानं टाळ्या वाजवाव्यात, तर माझे डोळे जांभई देणाऱ्या एकट्यावर जाऊन बसत, आणि ती जांभई मी घरी आणून आठवडाभर रवंथ करी. नगरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "याला नैराश्य म्हणतात. या आजारात मन वाईट तेवढंच वेचतं. चांगलं समोर असतं, पण नजर तिथं थांबत नाही. तिला मुद्दाम न्यावं लागतं." उपचार सुरू झाले. पण नजर न्यायची कशी? ती काय शेळी आहे, दावं धरून ओढायला? त्या दिवशी आखाड्यात उतरण्याआधी मी भैरोबापुढं हात जोडले. म्हटलं, देवा, आज आवाज लागला नाही तर माईक तुझ्या पायरीवर ठेवतो आणि घरात जाऊन पडतो तो कायमचा.

सुरुवात बरी झाली. मग पहिल्या रांगेतला निळ्या सदऱ्याचा एक गृहस्थ उठला, माझ्याकडं बघून मान हलवली आणि बूड झटकून चालू लागला. झालं! सगळं मैदान पुसलं गेलं, उरली ती त्याची पाठ. हा आपल्यालाच कंटाळून गेला, याला कळलं, आता सगळ्यांना कळणार. जीभ टाळ्याला चिकटली. वस्ताद ओरडत होते ते विहिरीच्या तळातून ऐकल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात कुणीतरी कोपर ढोसलं. पांढरा फेटा, कपाळभर गुलाल, हातात काठी, असा एक म्हातारा. ओळख ना पाळख.

"नावं घे की पाव्हन्यांची!" तो म्हणाला. "त्या जाणाऱ्याचं काय बघतो? त्यो गेला. बसल्यात त्यांचं बघ. ह्यो कोन हाय?"

आमच्याकडं रीत आहे. कुस्ती रंगत असताना निवेदकानं जुन्या पैलवानांची, लांबून आलेल्यांची नावं गावासकट पुकारायची. आलेल्या माणसाचा तो मान. आणि नाव घ्यायचं तर चेहऱ्याकडं बघावंच लागतं. म्हातारा काठीनं दाखवी, नाव सांगी, मी पुकारी. कान मोडलेले एक जुने मल्ल होते, नाव ऐकताच फेटा सावरून हसले. भिंगारचे एक निवृत्त गुरुजी होते, त्यांनी दोन्ही हात वर केले. लेकीला कुस्ती खेळवायला घेऊन आलेली एक माउली होती, तिनं लाजून पदर तोंडाला लावला, पण डोळे नुसते लखलखत होते. एकेक नाव घेत गेलो तसं एकेक माणूस मला परत मिळत गेलं. ही सगळी इथंच होती! आणि मग जो आवाज उठला म्हणता, कळसावरची कबुतरं उडाली ती थेट बीड जिल्ह्यात जाऊन टेकली. वस्तादांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. हे मात्र शंभर टक्के खरं. फेटा घरात आहे.

म्हाताऱ्याच्या पाया पडायला वळलो, तर तो नव्हता. विचारत फिरलो. कुणी म्हणालं असेल कुणाचा तरी आजा, कुणी नुसतं देवळाकडं बघितलं. मी वाद घालत नाही. ज्यानं धाडलं त्याला नमस्कार पोचावा म्हणून पायरीवर डोकं ठेवलं, आणि माईक बरोबर घेऊन आलो.

आजार त्या दिवशी पळाला नाही. नजर अजून जांभई शोधते. पण आता मी तिच्याशी झोंबी घेत नाही. मनात म्हणतो, देवा, तू काठी दाखव, मी नाव घेतो. बाकी तुझं तू बघ. छाती काढून सांगतो, असं सोपवता येणं हा मी जिंकलेला सगळ्यात मोठा फड आहे.

घरी आलो तो डोक्यावरचा फेटा न काढताच बायकोला सगळं सांगितलं. म्हातारा सांगता सांगता दीपमाळेएवढा उंच झाला, काठीला चांदीची मूठ आली. शेवटी म्हणालो, "अगं, प्रत्यक्ष भैरोबा शेजारी उभा होता माझ्या!"

तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं झालं. पन डॉक्टरबाईंकडं मंगळवारी जायचंच हाय."