या पत्त्यावर राहत नाही

वैजयंती कामत माझ्याकडे राहायला आली २००३ च्या मार्चमध्ये, आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. लंडनजवळ स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं क्वालिटी चेकिंगला होते. पट्ट्यावरून चांगला माल गेला तर तो मला दिसायचाच नाही, खोट तेवढी दिसायची. रिटायर झाल्यावर ती सवय घरी आणली. नवरा गेलेला, मुलगा समर एडिनबराला नोकरीला, म्हणून वरची खोली भाड्याने दिली होती.

वैजयंती नागपूरची, पस्तिशीची. हात धुऊन धुऊन कोरडे पडलेले. तिकडे आठ वर्षं आयसीयूत नर्स होती म्हणे, आणि इथे म्हाताऱ्यांच्या होममध्ये केअरर. अंघोळी घाल, भरव, चादरी बदल. औषधांच्या ट्रॉलीला हात लावायचा नाही, कारण लंडनच्या नर्सिंग कौन्सिलकडे तिची नोंदणी झालेली नव्हती. त्या नोंदणीच्या नंबरला सगळ्या नर्सेस पिन म्हणतात. पिन मिळण्याआधी काही महिने कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करावं लागतं, आणि ते सुरू करायला कौन्सिलची परवानगी लागते. तिच्या होमने तिच्यासाठी तशी एक जागा धरून ठेवली होती, फक्त एकतीस मेपर्यंत. तिने स्वयंपाकघरातल्या माझ्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला होता. मला न विचारता!

"लग्न झालंय का गं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाही काकू," ती म्हणाली, आणि सिंकमध्ये एकही भांडं नसताना नळ सोडला.

मी म्हटलं, इथे पाणी मुरतंय. बॅगेला कायम कुलूप. फोन आला की जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलणार. मग एप्रिलमध्ये कौन्सिलचं पत्र आलं. पाकिटावर पत्ता माझा, नाव मात्र शशी सबनीस. मी ते उलटसुलट करून बघत होते, तोवर ती जिन्यावरून धावत आली आणि जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

"ही शशी कोण?"

"मैत्रीण आहे. तिचा पत्ता पक्का नाही, म्हणून माझ्याकडे मागवते."

तिचे कान लाल झालेले मला दिसले. मी लगेच ईलिंगला आशाला फोन लावला. आशा आमच्या मंडळातली. कुणाच्या घरात काय शिजतंय ते हिला आधी कळतं. "अगं सुहासिनी, दुसरीची सर्टिफिकेटं घेऊन येतात हल्ली," ती म्हणाली. "पकडली गेली तर पोलीस आधी तुझं दार वाजवतील. सांगून ठेवते."

झालं! म्हणजे आयसीयूत आठ वर्षं काढली ती शशीने, आणि कागद घेऊन आली ही बया. त्यानंतर मी तिच्यावर पाळतच ठेवली. एकदा ती म्हणाली, "काकू, तुमचे पाय सुजलेत, बीपी बघू का?" मी पाय साडीत ओढून घेतले. खोट्या नर्सच्या हाती कोण बीपी देणार?

मे निम्मा झाला आणि नागपूरहून एक जाड रजिस्टर्ड पाकीट आलं. पुन्हा शशी सबनीस. ती कामावर होती. पोस्टमनला सही दिली, दार लावलं, आणि पाकीट टेबलावर ठेवून मी चहा केला. चहा संपेपर्यंत माझं ठरलं होतं. घर माझं आहे, नसती बला मला नको. पेन घेतलं आणि इंग्रजीत ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'या पत्त्यावर राहत नाही'. कोपऱ्यावरच्या लाल डब्यात पाकीट टाकून आले आणि मला चांगलं हलकं वाटलं.

मग ती रोज विचारायची, "काकू, माझं काही आलं का?"

"तुझं नाही आलं," मी म्हणायचे. खोटं बोलले नाही, अशी स्वतःची समजूतही घालायचे.

बावीस तारखेला बाजारातून आले तर ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली, युनिफॉर्ममध्येच. "भावाने पाठवून सतरा दिवस झाले," ती म्हणाली. "ते नाही आलं तर माझी जागा गेली."

"कुणाच्या नावाने पाठवलंय?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि एकदाचं सांगितलं. शिकली, नोकरी केली, नागपूरला नर्स म्हणून नोंद झाली, ती सगळी शशी सबनीस या नावाने. मग लग्न झालं. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने वैजयंती लिहिलं, तेच गॅझेटात छापलं, त्याच नावाचा पासपोर्ट निघाला. लग्न चौदा महिने टिकलं. नाव राहिलं. कौन्सिलकडे अर्ज मात्र तिने सर्टिफिकेटातल्या शशी याच नावाने केला होता. आता कौन्सिल विचारत होतं की सर्टिफिकेटातली बाई आणि पासपोर्टातली बाई एकच कशावरून? लग्नाचे कागद नवऱ्याने दिले नाहीत. भावाने खेटे घालून गॅझेटाची शिक्क्याची प्रत मिळवली, ती त्या पाकिटात होती.

"मग माझ्याशी खोटं का बोललीस?"

"मोडलेलं लग्न सांगितलं तर घरं मिळत नाहीत, काकू. ईलिंगला दोन ठिकाणी नाही म्हणाले."

मी पिशवी खाली ठेवून तिच्याशेजारी बसले. मला हे कळू नये? माझंही ताट होतं, माझेही तांदूळ होते. सदुसष्ट साली पुण्यात, एका सकाळी. तोवर मी लीलावती होते, सुहासिनी त्या सकाळी झाले. "माझं माहेरचं नाव लीलावती," मी तिला म्हटलं. "आता हाक मारणारं कुणी उरलं नाही." तेवढं सांगितलं. पाकिटाचं काही जिभेवर येईना. "पोस्टाचा घोळ असेल," असं म्हणाले आणि उठले. मला स्वतःची किळस आली.

एकतीस मे आला नि गेला. जागा दुसरीला मिळाली. जूनच्या शेवटी भावाने सगळं पुन्हा पाठवलं, नव्या पाकिटात जुनं पाकीट तसंच घालून. त्यावरचं अक्षर ओळखायला तिला कितीसा वेळ लागणार? माझ्या चिठ्ठ्या फ्रिजवर रोजच असायच्या, गॅस बंद कर, दिवे घालव.

तिने ते पाकीट माझ्या ताटाशेजारी ठेवलं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"संशयाची मला सवय आहे," ती म्हणाली. "कौन्सिलनेही घेतला. पण काकू, त्यांनी निदान विचारलं तरी."

मी "चुकलं माझं" म्हणाले. ती "हो" म्हणाली आणि कामावर गेली. ऑगस्टमध्ये तिला एडिनबरात तशीच देखरेखीखालची जागा मिळाली. जाताना नमस्कार केला, पत्ता दिला नाही. मी मागितलाही नाही. कुठल्या तोंडाने मागणार? पुढच्या वर्षी तिला पिन मिळाला, हे आशाकडून कळलं.

२००६ च्या दिवाळीत समर घरी आला होता. सकाळचं पोस्ट त्याने उचललं. मी चकल्या पाडत होते.

"आई, ही पाकीट आपला नाही," तो म्हणाला. त्याचं मराठी असंच आहे. "कोणी लीलावती आहे. एडिनबराहून आलंय. बॅक ऑफ एनव्हलप नाव आहे, शशी सबनीस, आरजीएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स. नॉट नोन लिहून परत टाकू?"

त्याच्या हातात पेन होतं.

"खबरदार!" मी ओरडले. सोऱ्या तसाच टाकला आणि पिठाच्या हातांनीच धावले. "आण इकडे. माझं आहे ते."