धोंडुबाईला सुतक नव्हतं

आटपाडीकडच्या माळावर धोंडुबाईचा पहिला संसार झाला. नवरा मेंढरं घेऊन कोकणात उतरला आणि तिकडंच तापानं गेला. पदरात एकच मुलगा, अर्जुना, नुकता चालायला लागलेला. धोंडुबाई अजून विशीतही नव्हती. वर्ष सरल्यावर बापानं आष्ट्याजवळच्या ज्ञानूशी तिचा पाट लावला. धनगरांत विधवेला दुसरं घर करता यायचं, पण लेकरू बापाच्या भावकीचं. ते मागंच राहायचं. थोरला दीर हरिबा आणि त्याची बायको शालूबाई यांना मूल नव्हतं. शालूबाईनं पोराला कडेवर घेतलं आणि धोंडुबाई गाडीत बसली. गाडी वळेपर्यंत पोर रडलं नाही, हे तिला पुढं कितीतरी वर्षं टोचत राहिलं.

ज्ञानू शांत माणूस. त्याच्या घरी तिला दोन मुली झाल्या. अर्जुनाचं नाव त्या घरात कुणी काढत नसे; काढायला बंदी नव्हती, पण कुणाला गरजही नव्हती.

वर्षं गेली. सरकारची जर्मनांशी लढाई सुरू होती. अर्जुना पलटणीत भरती झाला आणि जाण्याआधी आष्ट्याला आला. दारातला उंच पोरगा बघून तिनं त्याच्या बापासारख्या नाकावरून ओळखला. तो वाकून पाया पडला.

"आवं, वाइच पानी द्या."

शालूबाईला तो 'आये' म्हणतो, तिच्याशी एकेरीत भांडतो, हे तिच्या कानावर होतं. आईला कुणी 'आवं' म्हणत नाही. तिनं तांब्या दिला, भाकरी वाढली.

"शालूबाई बरी हाय का?"

"आय बरी हाय. रडतीया नुसती." घास हातात धरून तो थांबला. "तुमास्नी काय म्हनायचं, त्ये मला उमगत न्हाई बगा."

"काय बी म्हन," ती म्हणाली.

तो हसला. उठताना काहीतरी म्हणेल म्हणून ती उंबऱ्यात थांबली, पण तो नुसती मान हलवून गेला.

चव्वेचाळीस साली इटलीतल्या लढाईत तो पडला. तार हरिबाच्या घरी आली. धोंडुबाईला ते आष्ट्याच्या बाजारात आटपाडीकडच्या केरबा मेंढक्यानं सांगितलं, तेही तिला ठाऊकच असेल अशा समजुतीनं. ती रिकाम्या हातानं घरी आली आणि चुलीपुढं बसली. सासू म्हणाली, "त्या घरचं सुतक आपल्याला न्हाई, पोरी." ज्ञानूनं कोनाड्यातले पैसे काढून तिच्यापुढं ठेवले. मग म्हणाला, "जाऊन ये. मी मोटारीत बसवून देतो."

हरिबाच्या अंगणात माणसं बसली होती. ती आत जायला लागली तसा हरिबा उठून आडवा आला. त्याचेही डोळे सुजले होते.

"धोंडे, रीत हाय ती हाय. पाट लागला तवाच ह्या घराशी तुजं नातं तुटलं. सुतक आमास्नी. तू सोयऱ्यात बस."

"मी त्येची कोनच लागत न्हाई?"

हरिबानं सोयरे बसले होते तिकडं हात केला.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही; सोयरे बाहेरून भाकरी आणतात आणि घरच्यांना कडू घास भरवतात. मग धोंडुबाईनं तेच केलं. शेजारच्या राहीबाईच्या चुलीवर तिनं भाकरी थापल्या, पिठलं केलं आणि टोपली घेऊन आत गेली. शालूबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं तोंड घट्ट मिटलेलं. धोंडुबाई घास धरून तशीच बसून राहिली. हात दुखायला लागला तरी खाली घेतला नाही. शेवटी शालूबाईनं तोंड उघडलं, चावता चावता विचारलं,

"आंगावर पीत हुता तवा कसा हुता गं? मला त्येवडं ठावं न्हाई."

"लय वडायचा," धोंडुबाई म्हणाली. "पिता पिता मुठीत माजं बोट धरायचा. झोप लागली तरी सोडत नसायचा."

"माज्याकडं आल्यावर पदराचं टोक धरायचा," शालूबाई म्हणाली. मग दोघीही रडल्या. बाहेर माणसं उठून जाईपर्यंत दोघी अशाच एकमेकींना त्याचं सांगत राहिल्या, आणि एकीजवळ होतं ते दुसरीजवळ नव्हतं.

दहाव्याला तिला थांबू दिलं नाही. ती परत आष्ट्याला आली. घरात सुतक नव्हतं, त्यामुळं आल्या आल्या शेण काढलं, चूल पेटवली, मुलींच्या वेण्या घातल्या. दोन घरं सोडून बनुबाईच्या लेकीचं लग्न निघालं होतं. बनुबाई लग्नाच्या दळणाला बोलवायला आली. तिला काही ठाऊक नव्हतं, आणि धोंडुबाईला न यायला कारण नव्हतं.

ती गेली. जात्याला चौघी बसल्या. खुंटा फिरायला लागला तशा बाकीच्या एकेक ओवी गाऊ लागल्या, भावाची, बापाची, लेकाची. धोंडुबाईची पाळी आली तेव्हा ती जात्याभोवतीचं पीठ सुपात भरू लागली. बनुबाई म्हणाली, "म्हन की गं."

"घसा बसलाय," ती म्हणाली, आणि पीठ भरत राहिली.